पाठीला बसेल अशी सॅक

एसेनकुलला एक सॅक हवी होती. चौदा किलो सामान मावेल, खांदे कापणार नाही आणि पाठीला नीट बसेल अशी. मागणी तशी काही अवाजवी नव्हती. पण त्या सॅकपायी त्या उन्हाळ्यात त्याची जी शोभा झाली, ती पाहता त्यानं हत्ती मागितला असता तरी स्वस्तात सुटला असता.

चौदा किलो हा आकडा त्यानं स्वतः काढला होता. घरातल्या वजनकाट्यावर आधी तो एकटा उभा राहिला, मग कॅमेरा कडेवर घेऊन, मग स्टँड बगलेत मारून. कॅमेरा लाकडी, घडीचा, भात्यासारखं पोट असलेला. सोबत तीन भिंगं, फिल्मच्या चपट्या पेट्या आणि डोक्यावरून घ्यायचं काळं कापड. बत्तीस वर्षं तो आमच्या गावातल्या फोटो स्टुडिओत याच कॅमेऱ्यामागे उभा होता. किरगिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या या पूर्व टोकाला असा माणूस शोधून सापडणार नाही, ज्याच्या ओळखपत्रावर एसेनकुलनं काढलेलं तोंड नाही. "हनुवटी वर. हसू नका," एवढंच तो म्हणायचा, आणि समोरचा भला माणूस फोटोत फरारी गुन्हेगार होऊन बाहेर पडायचा. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यानं कॅमेरा घरी आणला. तेव्हापासून तो कोपऱ्यात उभा होता, मुक्कामाला येऊन परत न गेलेल्या पाहुण्यासारखा.

झालं असं की मे महिन्यात बुरुलचाचा भाऊ चहाला आला आणि जाता जाता म्हणाला, "हा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षीपासून वरचं कुरण दुसऱ्या कुणाला देणार. माझ्यानंही आता होत नाही." बुरुलचा, म्हणजे एसेनकुलची बायको, उठली. तिनं त्याला बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या छोट्या पावांची, पुरचुंडी बांधून दिली, दार लावलं, आणि कप विसळता विसळता एवढंच म्हणाली, "कुरणावरचं तळं मात्र निळं होतं हं आमचं. टीव्हीत दाखवतात तसं नाही. खरं निळं."

लग्नाआधीचे एकोणीस उन्हाळे तिनं त्या तळ्याकाठी बापाच्या तंबूत काढले होते. लग्नानंतर एकदाही ती वर गेली नव्हती. कुणी विचारलं तर गुडघा दाखवायची. गुडघा खरंच अधू होता, त्यामुळे प्रश्न तिथंच मिटायचा.

दुसऱ्या दिवशी एसेनकुलनं जाहीर केलं, की आपण आता निसर्गाचे फोटो काढणार.

"कुठल्या निसर्गाचे?" बुरुलचानं विचारलं.

"सगळ्याच," तो म्हणाला. "सुरुवात डोंगरापासून."

आता कुणीही विचारेल, आणि सगळ्यांनी विचारलंच, की चौदा किलो सामान डोंगरावर न्यायचं तर घोडा का नाही? आमच्याकडे डोंगर म्हटला की घोडा आलाच. पण एसेनकुल घोड्याला भीत होता. सात वर्षांचा असताना भर शर्यतीत त्याचा घोडा थांबला आणि तो स्वतः थांबला नाही, तेव्हापासून. घोड्याला भिणारा किरगीझ म्हणजे पाण्याला भिणारा कोळी. असं काही माणूस चारचौघांत सांगत नाही, बायकोला तर नाहीच नाही. त्यानं एक उत्तर तयार ठेवलं होतं. "हिसक्यानं भिंगं हलतात," तो म्हणायचा, आणि असा चेहरा करायचा की समोरच्याला आपण भिंगांविषयी किती अडाणी आहोत याची लाज वाटावी.

पहिली मदत धावून आली ती समोरच्या दारातून. तोक्तोबोलोत हा निवृत्त फौजी. लढाई त्यानं पाहिली नव्हती, पण गोदाम वीस वर्षं सांभाळलं होतं, आणि त्या गोदामातलं बरंच काही त्याच्या घरात सापडत असे.

"सॅक विकत घेतोस? लाज नाही वाटत?" तो गरजला आणि आतून एक हिरवी पिशवी घेऊन आला. "ही घे. फौजेची. हिच्यातून माणसं तोफगोळे वाहायची."

"खांद्याला फारच बारीक पट्टे आहेत, नाही?"

"खांदा फौजेचा नाही तुझा, त्याला पट्टा काय करेल? आधी सराव कर. बटाटे भर."

एसेनकुलनं चौदा किलो बटाटे भरले आणि जिना चढायला सुरुवात केली. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत सगळं व्यवस्थित होतं, म्हणजे त्याचे हात बधिर झाले होते पण पाय चालत होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध फौजेचा डावा पट्टा तुटला. तोफगोळ्यांना कसे आवाज येतात कोण जाणे, पण बटाट्यांना आला. एकेक बटाटा पायरी पायरी मोजत तळमजल्यापर्यंत गेला. सगळी दारं उघडली. लोकांनी बटाटे गोळा केले आणि प्रत्येक बटाट्याबरोबर एकेक सल्ला परत केला. कुणी म्हणालं, वजन पाठीवर नको, पोटावर बांधा. कुणी म्हणालं, दोन फेऱ्या करा. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी सर्वांत छोटा बटाटा त्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "बाळा, डोंगरावर बटाटे विकायचे आहेत का? घोडा का नाही करत?"

"हिसक्यानं भिंगं हलतात, आपा," एसेनकुल म्हणाला. आजींनी बटाट्याकडे निरखून पाहिलं.

मग तो बिश्केकला गेला. मिनीबसनं सात तास. तिथं गिर्यारोहणाच्या सामानाचं एक दुकान होतं आणि त्यात आयनाझिक नावाची एक मुलगी होती. ती त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणाली, पण तिच्या आवाजात डॉक्टरीणबाईंचा शांतपणा होता.

"बाइके, वजन खांद्यावर नसतं घ्यायचं. कमरेवर घ्यायचं. खांद्यानं फक्त सांभाळायचं. वळा बघू."

तो वळला. तिनं त्याला मान खाली घालायला लावली, मानेच्या मणक्यावर टेपचं टोक ठेवलं, आणि कमरेच्या हाडापर्यंत ओढलं. मग पुन्हा मोजलं. मग जरा थांबली. ते थांबणं एसेनकुलला आवडलं नाही.

"पाठ आखूड आहे तुमची."

"काय आहे?"

"आखूड. पाय लांब आहेत, म्हणून उंच दिसता. पाठ त्रेचाळीस सेंटिमीटर. पुरुषांच्या सॅकमध्ये इतकी छोटी चौकट येत नाही."

अठ्ठावन्न वर्षं माणूस एका पाठीबरोबर राहतो, तिच्यावर विश्वास टाकतो, आणि एक दिवस परक्या गावातली एक पोरगी टेप लावून सांगते, की ती आखूड आहे. एसेनकुल डोक्यावरचा पांढरा कल्पाक काढून त्याच्या आत बघत राहिला. तेवढ्यात आयनाझिकनं एक सॅक आणून त्याच्या पाठीवर चढवली, आत वाळूच्या पिशव्या टाकल्या, कमरेचा पट्टा आवळला, आणि म्हणाली, "चाला."

तो चालला. वजन नाहीसं झालं. म्हणजे होतं, पण कुणीतरी मागून कमरेला हात देऊन ते उचलून धरलं होतं. त्यानं दुकानाला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तो आरशासमोरून गेला.

सॅक जांभळी होती. फिकट, लिलाकच्या फुलासारखी जांभळी. पट्ट्यावर एक छोटं फूल भरलेलं होतं.

"ही बायकांची आहे," तो म्हणाला.

"बायकांची पाठ आखूड असते ना, म्हणून. पण बसलीय बघा किती छान!"

"मला करडी दाखवा. मोठी."

"मोठी बसणार नाही तुम्हाला. खांदे सोलून निघतील."

"माझे खांदे आहेत," एसेनकुल म्हणाला आणि बाहेर पडला. आयनाझिकनं त्याच्या हातात कोंबलेली मापाची चिठ्ठी त्यानं न वाचताच कोटात टाकली.

घरी येऊन त्यानं परदेशातून एक सॅक मागवली. करडी. सर्वांत मोठ्या मापाची. चित्रात ती एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाच्या पाठीवर होती आणि त्या माणसाची पाठ कुठं संपते ते कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं आणि टपाल कचेरीच्या खिडकीत अडकलं. खिडकीत गुलबारा बसत असे. तिच्याही ओळखपत्रावर एसेनकुलनंच काढलेला फोटो होता, आणि तो ती विसरली नव्हती.

"ओळखपत्र," ती म्हणाली. त्यानं दिलं. तिनं फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "हे तुम्ही नाही."

"मीच आहे. मीच काढलाय."

"कुणी काढलाय ते मला कळतंच आहे. यात मिशी आहे. आणि हा माणूस चांगल्या घरचा वाटत नाही."

मिशीचा वाद अर्ध्या तासात मिटला. मग तिनं पार्सलवरचा कागद वाचला. छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, ॲल्युमिनियमची चौकट, भार पेलण्यासाठी. तिनं चष्मा काढला.

"हे उडायचं साधन आहे."

"सॅक आहे ती, एजे."

"मला एजे म्हणू नका, मी तुमच्याहून लहान आहे. गेल्या वर्षी एकानं असंच मागवलं, छातीला पट्टा, कमरेला पट्टा, आणि डोंगरावरून उडी मारून थेट एकाच्या जर्दाळूच्या बागेत. तेव्हापासून उडायच्या साधनाला विमान खात्याचं पत्र लागतं."

"पण मी उडणार नाही!"

"तसं लिहून द्या."

आणि एसेनकुलनं, ज्यानं बत्तीस वर्षं सरकारला या गावाची तोंडं पुरवली होती, त्यानं त्या खिडकीपाशी उभं राहून, दोरीला बांधलेल्या पेनानं लिहून दिलं: 'मी, खाली सही करणारा, असं लिहून देतो, की सदर वस्तू पाठीला बांधून मी उडणार नाही. तसंच उडण्याचा प्रयत्नही करणार नाही.' मागं रांगेत नऊ माणसं होती. कुणीतरी म्हणालं, "घोडा का करत नाहीत हे?"

"या वयात 'प्रयत्नही करणार नाही' लिहायला नको होतं," तोक्तोबोलोत नंतर म्हणाला. "माणसानं थोडी जागा ठेवावी."

सॅक आली ती दाढीवाल्याच्याच मापाची होती. कमरेचा पट्टा एसेनकुलच्या मांड्यांवर यायचा, त्यामुळे तो चालायला लागला की बदकासारखा दिसायचा. तेव्हा कुणीतरी सुचवलं, की ओझं आणि पाठ यांचं ज्याला कळतं असा गावात एकच माणूस आहे. कालमुर्झा. खोगिरं करणारा.

कालमुर्झानं सॅक बाजूला ठेवली आणि एसेनकुलच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्यापासून कमरेपर्यंत, मग परत. मग एका बाजूनं वाकून पाहिलं. क्षणभर वाटलं, आता दात बघतो.

"खांदे पुढे आलेत. कण्यात बाक आहे," तो म्हणाला. "खरं सांगू? बाजारात असा आला असता तर मी घेतला नसता. पण राग मानू नका, अशाला खोगीर बसवण्यातच खरी कारागिरी."

त्यानं पट्टे कापले, वर सरकवले, जाड लोकरी नमद्याची गादी शिवली, कडेनं चामडं लावलं. पैसे घेताना एवढंच विचारलं, "पण घोडाच का..."

"भिंगं हलतात!" एसेनकुल ओरडला.

नव्या खोगिरासह तो गावाबाहेरच्या झऱ्यापर्यंत जाऊन आला. दीड तास. परत आला तेव्हा सदरा खांद्यांना चिकटला होता. बुरुलचानं त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, सदरा पाण्यानं भिजवून अलगद सोडवला, आणि सोललेल्या जागी मेंढीची चरबी लावायला लागली. तिचा हात हलका होता. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं.

"कुठल्या डोंगरावर चाललाय एवढं?" तिनं विचारलं.

"कुठल्याही."

"तिथं तळं आहे का?"

"असेल. डोंगरावर असतात."

तिचा हात जरासा थांबला. मग पुन्हा चालू झाला, पहिल्यापेक्षा हलका.

दोन दिवसांनी ती सकाळीच उठून बहिणीकडे जाते म्हणून गेली, ती मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. हातात मोठा कागदी पुडा होता. तिनं तो पलंगावर ठेवला आणि चहा टाकायला गेली. एसेनकुलनं कागद सोडला. आत जांभळी सॅक होती.

"तुझी बहीण बिश्केकला राहायला गेली का?" त्यानं आतूनच विचारलं.

"कोट झाडायला घेतला तर खिशात चिठ्ठी होती," तिचा आवाज आला. "त्रेचाळीस सेंटिमीटर, जांभळी उत्तम बसली, गिऱ्हाइकानं नाकारली. मी दुकानात जाऊन म्हटलं, आखूड पाठीचा एक मानी माणूस आला होता का? ती मुलगी लगेच म्हणाली, हो, खांदे कसे आहेत त्यांचे?"

"सात तास गेलीस? त्या गुडघ्यानं?"

"मिनीबसमध्ये गुडघ्याला काय काम? आणि फूल उसवलंय मी पट्ट्यावरचं. रंग काही उसवता येत नाही."

एसेनकुल फुलाच्या जागच्या सुईच्या बारीक भोकांवरून बोट फिरवत बसला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण आयुष्यभर त्याला दोनच वाक्यं नीट जमली होती, आणि त्यातलं एकही इथं चाललं नसतं.

जुलैच्या मध्यावर दोघं डोंगराच्या पायथ्याच्या गावी बुरुलचाच्या भावाकडे गेले. ठरलं ते असं: ती तिथं थांबणार, तो सकाळी निघून दुपारपर्यंत तळ्यावर पोचणार, फोटो काढून मेंढपाळांकडे राहणार आणि उद्या परत. निघताना तिनं सॅकच्या बाजूच्या कप्प्यांत सुकवलेल्या दह्याचे कुरुत, बोरसोक, चहाचा थर्मास आणि मोजे भरले. चौदाचे सतरा किलो झाले. त्यानं कमरेचा पट्टा आवळला.

सॅक खरोखर स्वर्गीय होती. पहिले दोन तास तो तरण्यासारखा चढला. वाटेत भेटलेले घोडेस्वार थांबून बघायचे. एक जण म्हणाला, "बाइके, बायकोची घेतली वाटतं?" आणि एसेनकुल चक्क म्हणाला, "हो. तिनंच दिलीय." असं म्हटल्यावर पुढं चेष्टा करायला काही उरत नाही, हा शोध त्याला नवीन होता.

तिसऱ्या तासाला मात्र कळलं, की उन्हाळाभर आपण पाठीची काळजी केली, पायांना आणि छातीला कुणी विचारलंच नाही. खडी चढण सुरू झाली. तो वीस पावलं चालायचा आणि थांबायचा. मग दहा. मग एका दगडावर बसला तो उठेना. तळं अजून तासभर वर होतं. पाठ ठणठणीत होती आणि बाकीचा एसेनकुल संपला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दमल्याचंही असेल. यंदा नाही जमलं तर मग कधीच नाही, हे त्याला ठाऊक होतं.

खालच्या वळणावर टापा वाजल्या. एक तांबडी घोडी वर येत होती, आणि तिच्यावर एक बाई ताठ बसली होती. लगाम सैल, एका हातात, जणू घोडी तिच्या मनातलं ऐकून चालत होती. एसेनकुलला वाटलं, कुणी वरच्या कुरणातली असेल. घोडी जवळ आली तेव्हा त्याला रुमाल ओळखू आला.

"फार वेळ तुम्ही या वळणावरच दिसत होतात," बुरुलचा म्हणाली. "भावाच्या अंगणातून दिसतं हे वळण."

"तू... घोड्यावर?"

"मग काय पायी येऊ? गुडघा चालताना दुखतो. घोड्यावर बसायला गुडघा कशाला लागतो?"

एसेनकुल तिच्याकडे पाहत राहिला. एकेक गोष्ट हळूहळू जागेवर बसत होती, आणि प्रत्येक बसताना टोचत होती.

"म्हणजे तुला कधीही येता आलं असतं. इतकी वर्षं."

ती घोडीच्या आयाळीतून काडी काढत राहिली.

"मी घोड्यावर आणि तुम्ही मागून पायी? माझ्या माहेरच्यांसमोर?" ती म्हणाली. "लोकांनी विचारलं असतं, जावई का बसत नाही. मग तुम्ही भिंगांचं सांगितलं असतं. लग्नात कुठली भिंगं होती? तेव्हाही वरातीत घोडा पुढं आणला तर तुमच्या बुटाची नाडी सुटली होती. तीन वेळा."

"तुला माहीत होतं."

"नाडी नसलेले बूट होते तुमचे."

वारा सुटला होता. एसेनकुल हसायला लागला, पण ते हसणं मध्येच कुठंतरी वाट चुकलं, आणि त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. लग्नापासून आपण एक गुपित सांभाळतोय असं त्याला वाटत होतं. ते ती सांभाळत होती, आणि त्यासाठी तिनं आपलं तळं सोडून दिलं होतं.

"द्या ती सॅक इकडे," ती म्हणाली. "घोडीवर बांधू."

"नको," तो म्हणाला. "ही राहू दे. ही मला बसते. तू फक्त हळू चाल. आणि तिचं तोंड पलीकडे ठेव."

अशी ती दोघं वर गेली. ती घोडीवर, तो बाजूनं, घोडीच्या दातांपासून दोन हात अंतर राखून, जांभळी सॅक पाठीवर. दर वीस पावलांनी तो थांबायचा, आणि दर वेळी घोडीच थकलीय असं दाखवून बुरुलचा तिला थांबवायची. वरून उतरणाऱ्या दोन मेंढपाळांनी त्यांना बघून सलाम केला. एक जण तोंड उघडणार तोच बुरुलचानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

तळं आलं तेव्हा दुपार कलली होती. निळं होतं. टीव्हीतल्यासारखं नव्हे, खरं निळं. बुरुलचा खाली उतरली आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. एसेनकुलनं तिला उभं राहू दिलं. त्यानं स्टँड रोवला, कॅमेरा उघडला, भात्याचं पोट ओढलं, भिंग लावलं. ऊन पुढच्या कड्यावर होतं, अजून फार तर पाव तास. त्यानं कापड डोक्यावर घेऊन मागच्या काचेवर चित्र जुळवलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "बघतेस? फिल्म घालायच्या आधी."

ती कापडाखाली शिरली.  मग आतून म्हणाली, "अहो, उलटं दिसतंय."

"काचेवर उलटंच पडतं. फोटोत सरळ होतं. मी सांगतो कसं ते, भिंगातून किरण..."

"थांबा, सांगू नका." कापड हललं. "आम्ही बहिणी या उतारावर डोकं खाली करून झोपायचो. पाय वर, वेण्या गवतात. मग तळं वर जायचं आणि ढग खाली यायचे. आई ओरडायची, रक्त डोक्यात जाईल म्हणून. मी तळं असंच बघितलंय. अगदी असंच." थोड्या वेळानं तिचा आवाज बदलला. "तिथं घोड्यांच्या धारा काढायचो. तो दगड आहे अजून. बाबा त्याच्यावर बसायचे."

कड्यावरचं ऊन सरकलं. एक ढग आला आणि त्यानं आधी कडा, मग गवत, मग अर्धं तळं झाकून टाकलं. फोटो काढायचा तर आत्ताच काढायला हवा होता, आणि त्यासाठी तिला बाहेर यायला सांगावं लागलं असतं.

वाऱ्यानं कापडाचं टोक उडालं तसा काचेवर उजेड पडला. आतून ती म्हणाली, "धरा ना जरा, दिसत नाहीये."

एसेनकुलनं फिल्मची पेटी गवतावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कापड धरलं.